जनाच्या नावाने अळणी

कागदावर तीन आकडे होते आणि तिन्हींच्या शेजारी खाली तोंड केलेला बाण. सोडियम, पोटॅशियम, क्लोराईड. सोनालीने, माझ्या सुनेने, मला ते वाचून दाखवलं. मी चौथीपर्यंत शिकलेय, आकडे मला वाचता येतात. पण बारावी झालेल्या सुनेला शिकल्याचं सार्थक वाटावं म्हणून वाचू दिलं.

"आई, क्लोराईड चौऱ्यांशी हाय. अठ्ठ्याण्णवच्या वर पायजे."

"मग चौदाच कमी. त्यात रडतेस काय?"

आम्ही कर्जतला डॉक्टर अनुपमच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. पंधरा दिवस माझं काही खरं नव्हतं. पोटऱ्यांत गोळे यायचे, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, जेवणाचं ताट बघितलं की मळमळ. आदल्या दिवशी परसात भांडी घासता घासता मी राखेचा हात तसाच धरून बसून राहिले होते. किती वेळ, ते मला ठाऊक नाही. म्हणून मनोजने, माझ्या मुलाने, कंपनीतून रजा काढून मला गाडीत घातलं.

डॉक्टर अनुपम म्हणजे दत्तोपंत वकिलांचा नातू. भिसेगावात त्यांच्या घरी मी पावट्याच्या शेंगा द्यायला जायचे, तेव्हा हा अंगणात उघडा फिरायचा. आता गळ्यात नळी घालून मला समजावत होता.

"कोंडाबाई, आपण मीठ खातो ते पोटात गेलं की विरघळतं आणि त्याचे दोन वाटे होतात. एक सोडियम, दुसरा क्लोराईड. दोघं मिळून अंगातलं पाणी जिथल्या तिथे धरून ठेवतात. पोटात अन्न पचवायला जे आम्ल लागतं, त्यालाही क्लोराईडच लागतं."

"आनि ते उतरतं कशानं?"

"ओकाऱ्यांनी उतरतं. लघवीच्या गोळीने उतरतं. पाणी फार प्यायलं तरी उतरतं. उलट अंगातलं पाणी आटलं किंवा किडनीचं काही बिघडलं, तर चढतं. नुसत्या एका आकड्यावरून मी काही ठरवणार नाही. शेजारचे दोन आकडे बघायचे, आणि माणसाला विचारायचं. म्हणून विचारतो. ओकाऱ्या?"

"नाय."

"पाणी?"

"पिते की. पान्याबिगर कोन ऱ्हातं?"

"जेवणात मीठ?"

"तुमीच कमी कर म्हनलात. केलं कमी."

ते अगदी खोटं नव्हतं. भादव्यात त्यानेच माझं बीपी बघून मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि लघवीची गोळी दिली होती. मी दसऱ्यापासून मीठ पार सोडून दिलं. वरण उकळलं की माझी वाटी आधी बाजूला, मग घरच्यांच्या पातेल्यात मीठ. लोणचं नाही, पापड नाही, खारी सुकट नाही. घरात सगळ्यांना वाटलं, आई डॉक्टरचं ऐकते. मनोज तर पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. अळणी घास घशाखाली उतरेना म्हणून मी घासाघासाला पाणी प्यायचे, जेवता जेवता तांब्या रिकामा करायचे.

का सोडलं ते डॉक्टरला सांगायची सोय नव्हती. नवस बोलून दाखवला की फुकट जातो, असं आमच्याकडे मानतात. देवीला ठाऊक आणि मला ठाऊक. तिसऱ्याला नाही.

नवस जनासाठी होता.

जना माझी धाकटी बहीण. आमचं गाव खालापूर तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याला. जनाला वर माथेरानलाच दिली. नवरा हॉटेलात स्वयंपाकी. आमच्या बाजूने एक पायवाट डोंगरावर जाते. तरुणपणी मी डोक्यावर भाजीची पाटी घेऊन ती वाट चढायचे, जनाकडे चहा प्यायचे, हॉटेलांतून भाजी घालायचे आणि दिवस मावळायच्या आत खाली. जनाला मूल झालं नाही. मनोज आठ वर्षांचा होईपर्यंत अर्धा तिच्याच ओट्यावर वाढला. तिला तो वरची आई म्हणायचा आणि मला खालची. मला राग यायचा, पण तो राग सांगायचा तरी कुणाला? सांगायला माझी एकच जागा होती, आणि ती जना.

माझ्या बोलण्याला गाव घाबरतं. मी टोचून बोलले की माणसं गप्प होतात, नाहीतर उठून जातात. जना तेवढी हसायची. "कोंडे, तुझ्या जिभेला धार लावायला कोन येतो गं?" असं म्हणायची आणि पोट धरून हसायची. तिच्यासमोर मी मुद्दाम जास्त टोचून बोलायचे.

सात वर्षांपूर्वी मनोजचं लग्न ठरलं. त्याच्या आदल्या वर्षी जनाचा नवरा वारला होता. हळदीच्या दिवशी ती सकाळीच डोंगर उतरून आली. नवं लुगडं नव्हतं अंगावर, पण इस्त्री केलेलं होतं. बायका हळद लावायला पुढे झाल्या तशी तीही झाली, आणि वाटीत बोटं बुडवली. माझी नणंद पदू माझ्या कानाला लागली. "वैनी, ती रांडाव, त्यातून मूलबाळ नाय. पयलाच मुलगा हाय तुझा."

पदूला मी गप्प बसवू शकले असते. अख्ख्या गावाला बसवते. पण मी जनाचं मनगट धरलं आणि बाजूला केलं. म्हटलं, "तू ऱ्हाऊ दे गं. सवाशिनींना लावू दे."

तिने बोटांची हळद पदराला पुसली आणि मांडवातून निघाली. बाहेर ऊन चढलं होतं. मनोज पाटावर बसलेला, त्याला उठता येईना. मी कुणालातरी मागे धाडू शकले असते. मी म्हटलं, येईल आपणहून. कुठे जातेय?

आली नाही. तीन वर्षांपूर्वी माझे मालक गेले. दहाव्याला नदीवर ती बायकांच्या मागे उभी होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिथूनच परत फिरली, घरी आली नाही. पुढच्या वैशाखात पुतणीची हळद निघाली. मला कुणी काही म्हटलं नाही. मीच मागे सरकले आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिले. सगळ्या बायकांचे हात पिवळे, आणि माझे तेवढे कोरडे. हात कुठे ठेवावेत तेच मला समजेना.

त्या दिवसापासून जनाची आठवण जी लागली ती लागलीच. भाजी निवडताना मी एखादीच्या सुनेवर काहीतरी बोलायचे आणि मागे वळून बघायचे, कोण हसतंय का. मागे सोनाली असायची, तोंड खाली घालून. सकाळी अंगणात आले की डोंगर पुढ्यातच. त्याच्याकडे पाठ करून सडा घालता येत नाही, अंगणच तसं आहे.

दसऱ्याला सोनं वाटून मनोज घरी आला आणि म्हणाला, "आये, मौशी पडली. उजवा हात मोडलाय."

"तुला कोन म्हनलं?"

"फोन करतो मी तिला. म्हैन्यातून दोनदा."

सात वर्षं हा मुलगा माझ्या पाठीमागे तिच्याशी बोलत होता. मी विचारलं, "माझं विचारते?"

त्याने जोडे काढायला जरा जास्तच वेळ लावला. मग म्हणाला, "नाय."

जनाचा उजवा हात म्हणजे तिचं पोट. नवरा गेल्यापासून ती हॉटेलात चपात्या लाटते. त्याच दिवशी मी जायला हवं होतं. मी गेले नाही. गावदेवीच्या देवळात गेले, आणि म्हटलं, आई, जना माझ्या दारात पाय ठेवीपर्यंत मी मिठाला शिवणार नाही.

तर डॉक्टरने ती लघवीची गोळी बंद केली, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि पाच दिवसांनी पुन्हा रक्त काढलं. क्लोराईड शहाऐंशी. कागद हातात धरून तो कपाळ चोळत बसला.

"गोळी बंद आहे, तरी चढत का नाही? कोंडाबाई, तुम्ही मला काहीतरी सांगत नाही आहात."

"मी काय चोर हाय?"

त्याने मला तिथेच वरच्या खोलीत दाखल करून घेतलं. अक्षदा नावाची नर्स आली, हातात बाटली आणि नळी.

"आजी, हात द्या."

"ह्ये काय?"

"सलाईन."

"त्यात काय असतं?"

"काय नाय ओ, मिठाचं पाणी."

मी हात ओढून पदराखाली घेतला. तिला वाटलं मी सुईला भ्याले. म्हणाली, मुंगी चावल्यासारखं होईल. मी म्हटलं, "पाच बाळंतपनं घरात केलीत गं मी, मला मुंगी सांगतेस?" ती डॉक्टरला बोलवायला पळाली.

डॉक्टर येऊन खाटेशी बसला. "तुमच्या अंगात जे कमी आहे तेच या बाटलीत आहे. सोडियम आणि क्लोराईड. हळूहळू सोडू."

"म्हनूनच नको."

"म्हणूनच नको म्हणजे?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तो मनोजला बाहेर घेऊन गेला. दाराआडून मला ऐकू आलं की असंच राहिलं तर झटके येऊ शकतात, शुद्ध जाऊ शकते, पनवेलला मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल.

खोलीत वारा येत होता. मी म्हटलं, "जने, खिडकी लाव गं."

"आई, मी सोनाली."

मी वळून बघितलं. सोनालीच होती.

तिने खिडकी लावली, स्टूल ओढलं आणि माझ्या अगदी तोंडासमोर येऊन बसली. "दोन दिवस तुमी मला जनाच म्हनताय. काय हाय ते सांगा."

"तुला काय करायचंय?"

"मला करायचंय. दसऱ्यापास्नं तुमची अळनी वाटी मी काढतेय. डागदरानी कमी सांगितलेलं, तुमी बंद केलंत आनि मला वाटलं त्यांनीच सांगितलं. उद्या तुमाला काय झालं तर गाव म्हनंल सुनेनं मारली."

हे मात्र खरं होतं. गावाने म्हटलंच असतं. तिच्या जागी दुसरी असती तर पहिली मीच म्हटलं असतं.

"बोलले तर फुकट जाईल," मी म्हटलं.

सोनाली पोरगी हुशार आहे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. म्हणाली, "मग तुमी बोलू नका. मी बोलते, तुमी मान हालवा. नवस केलाय?"

मी मान हलवली.

"जनामौशीसाठी?"

हलवली.

"ती घरी येईपर्यंत मीठ बंद?"

हलवली.

"तिला ठाऊक हाय?"

या वेळी मान हलली नाही.

"ह्यांनी सांगितलंय मला. म्हंजे हळदीत हात तुमी धरलात, आनि डोंगर मौशीनं उतरायचा? मोडक्या हातानं? आनि कशासाठी उतरायचा ते तिला सांगायचंबी नाय?"

सात वर्षांत सोनाली माझ्याशी असं बोलली नव्हती. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. नेहमी असतं. मी ते गिळलं. अळणी घासासारखंच घशात अडकलं, आणि मी पाणी मागितलं तर तिने दोनच घोट दिले, मोजून.

 काम माझं होतं. ते मी देवीच्या गळ्यात घातलं, देवीने जनाच्या पायांवर घालावं म्हणून, आणि मी आपली घरात ताटावर बसून राहिले, मोठा त्याग केल्यासारखी. मनातल्या मनात देवीला सांगितलं, आई, मी मोडते. त्याचं काय व्हायचं ते माझ्या अंगावर होऊ दे, तिच्या नको.

मग हात पदराबाहेर काढला. "सोनाली, बोलव त्या मुंगीवालीला."

तीन दिवस ती बाटली थेंब थेंब पडत होती. घाई केलेली मेंदूला चालत नाही, असं डॉक्टर म्हणाला. दिवसातून दोनदा रक्त काढायचे. अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, चौऱ्याण्णव. घरी आल्यावर जेवणात मीठ आलं, बेताचं, आणि बीपीची दुसरी गोळी. नवसाचं सोनालीने डॉक्टरच्या कानावर घातलं होतं. दवाखान्यातून निघताना तो फक्त म्हणाला, "पुढच्या वेळी देवीला सांगाल ते मलाही सांगा. मी कुणाला बोलत नाही."

माघात अंगात जरा बळ आलं तशी मी मनोजला म्हटलं, मला वर ने. त्याने एक शब्द विचारला नाही. नेरळवरून गाडीने दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे गाड्यांना बंदी, म्हणून तिथून छोट्या रेल्वेने. डब्यात मुंबईची माणसं फोटो काढत होती. त्यांच्यात मी लुगडं सावरून बसले होते आणि जनाला म्हणायचं वाक्य मनात जुळवत होते.

जनाचं घर बाजाराच्या मागे आहे. दार लोटलेलं होतं.

"कोन?"

"मी."

"मी म्हंजे कोन? हितं रोज शंभर मी येतात."

"कोंडी."

 मग आवाज आला, "वाट चुकलीस?"

"गाडीनं आले. वाट कशी चुकंल?"

"व्हय. पायानं आलीस असं वाटलं मला."

ती दारात आली. केस पार पांढरे झालेले, आणि उजवं मनगट वाकडं बसलेलं. मी त्याच्याकडे बघते हे तिने बघितलं आणि हात पाठीमागे घेतला.

"म्हातारी झालीस," ती म्हणाली.

"तू काय तरनी हायस? तुझं तोंड बघून घोडी बुजत असतील."

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. मी ते स्वतः बघितलं. तिने ते लगेच आवरलं.

जुळवून आणलेलं वाक्य मी विसरले. उंबऱ्याच्या बाहेरच उभी होते. म्हटलं, "जने, मी तुझा हात धरायला नको होता."

"धरलास ते चाललं असतं गं. बाजूला केलास."

"पदू म्हनाली..."

"पदूचं तू जन्मात कधी ऐकलंस? तेवढंच एक ऐकलंस?"

 मी तिथेच पायरीवर बसले. मनोजला ते बघवेना. त्याने मध्ये तोंड घातलं आणि मीठ, सलाईन, क्लोराईड सगळं भडाभडा सांगून टाकलं. जना ऐकत उभी राहिली. 

"माझ्यासाठी मीठ सोडलंस? मला न इचारता?"

"नवस इचारून करतात का?"

"मेली असतीस तर? लोकांनी मला काय म्हनलं असतं? तुझी अक्कल चौथीतच ऱ्हायली, कोंडे." असं म्हणून ती आत गेली आणि आमटीभात घेऊन आली, ताट डाव्या हातात. "खा. माझ्या पायरीवर मरू नको."

मी खाल्लं. ती समोर बसून प्रत्येक घास मोजत होती. मी ताट पुसून घेतलं. शेवटी मीच विचारलं, "खाली येशील?"

"बघू."

"बघू म्हंजे?"

"बघू म्हंजे बघू. तू सात वर्षं बघितलंस. मला जरा बघू दे."

निघताना ती स्टेशनपर्यंत आली नाही. मी वळणावरून मागे पाहिलं, तेव्हा दार लोटलेलंच होतं.

घरी आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. आधी ती मनात होती, तिला मी हवी तशी उभी करत होते, हसवत होते. आता खरी बघून आले होते, वाकड्या मनगटाची, माझ्याकडे न हसणारी. तिची ओढ आणखी लागली. सोनालीने गाडीचा आवाज ऐकून बाहेर डोकावलं की मीही डोकावायचे. दूधवाला असायचा.

फाल्गुनात पुन्हा रक्त दिलं. कागद हातात आला, या वेळी एकाही आकड्याशेजारी बाण नव्हता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात मनोजचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि कानाला न लावता माझ्याकडे बघत राहिला.

"मौशीचा हाय. तू दाखल होतीस त्याचं मी सांगितलं ना, तवापास्नं दर वेळी विचारते."

"काय?"

"क्लोराईड किती. बाकी तुझं काय विचारत नाय, तेवढंच."

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"नव्याण्णव," मी म्हटलं.

 माझा आवाज ती ओळखणार नाही असं थोडंच आहे? मग म्हणाली, "आनि सोडियम?"

"एकशे छत्तीस."

"बरं."

तिच्या मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी चपात्या मागत होतं. येशील का, हे माझ्या अगदी ओठावर आलं. मी ते विचारलं नाही. म्हटलं, "पुढचं रक्त पाडव्यानंतर. मंगळवारी. कर्जतला, अकरा वाजता."

येते म्हणाली नाही. येणार नाही असंही म्हणाली नाही. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"ठेव आता," जना म्हणाली. "माझ्या चपात्या करपतील."

"तू ठेव."

"तू थोरली हायस, तू ठेव."

मी ठेवला नाही. मनोजने गाडी चालू केली, सोनालीने माझ्यासाठी दार उघडून धरलं, आणि मी तशीच रस्त्यात उभी राहिले, फोन कानाला लावून. तिनेही ठेवला नव्हता.